त्या मुलीचा निकाल कुठे आहे? मराठी लेखक-दिग्दर्शकांना खुले पत्र

प्रति,
मराठी चित्रपट, मालिका आणि वेबसिरीज लिहिणारे व दिग्दर्शित करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. नोकरीची सगळी वर्षं फौजदारी न्यायालयांत लघुलेखक म्हणून काढली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, न्यायाधीश सांगतात आणि ते शब्द जो कागदावर उतरवतो तो माणूस, एवढीच माझी ओळख. मी वकील नाही, समीक्षकही नाही. पण तुमचे सिनेमे मन लावून पाहते. घोडबंदर रोडला ज्यांचे सेट लागतात त्यांतल्या कितीतरी मालिका आमच्या घरी रोज रात्री चालू असतात. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. लोकांच्या मनात न्यायाचं चित्र कुठलं असावं, हे सरकारपेक्षा तुम्ही जास्त ठरवता.

विषय तुमच्या शेवटच्या वीस मिनिटांचा आहे. मुलीवर किंवा बाईवर अत्याचार होतो. पोलीस टाळाटाळ करतात, कोर्टात काळ्या कोटातला एक माणूस तिच्या अब्रूची लक्तरं काढतो, पुढाऱ्याचा मुलगा हसत बाहेर पडतो. मग वर्दीतला नायक, नाहीतर बाप, नाहीतर भाऊ, त्याला गाठून संपवतो. थिएटरात शिट्ट्या वाजतात. त्या शिट्ट्या मी ऐकल्या आहेत आणि वाजवणाऱ्यांचा मला राग येत नाही, कारण त्यांचा संताप खरा असतो. पण त्या दृश्यात ती मुलगी कुठे असते ते एकदा पाहा. ती हॉस्पिटलात असते, भिंतीवरच्या फोटोत असते, किंवा कोपऱ्यात उभी राहून डबडबल्या डोळ्यांनी नायकाकडे बघत असते. ती खरं बोलत होती, हे कुणीही कुठेही लिहून ठेवलेलं नसतं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच थांबतो. तिच्या बाजूने निकाल लागत नाही, विरुद्धही लागत नाही. निकालच लागत नाही.

आणि हे आता पडद्यापुरतं राहिलेलं नाही. आमच्याच जिल्ह्यात घडलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. पालक तक्रार घेऊन गेले, तर गुन्हा नोंदवायलाच कित्येक तास लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि बदलापूर स्टेशनात दिवसभर गाड्या अडल्या. तो उद्रेक मला कळतो. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, विशेष तपास पथक नेमलं गेलं. आणि २३ सप्टेंबरला, आरोपीला तळोजा कारागृहातून घेऊन निघालेल्या पोलिसांच्या गाडीत, मुंब्रा बायपासजवळ त्याला गोळी लागली. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, असं पोलिसांचं म्हणणं. तो कळव्याच्या हॉस्पिटलपर्यंत पोचला तो मृतच. त्यानंतर पेढे वाटले गेले, फटाके वाजले, 'बदला पुरा' असे फलक लागले.

बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या प्रकरणात १६ मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यायचा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करायची, संबंधित अधिकाऱ्यांना लगेच बढत्या आणि शौर्यपदकं द्यायची नाहीत. बदलापूर प्रकरणात दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, त्यात पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं आणि वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं असं म्हटलं होतं. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. त्या पोलिसांवरचे आरोप सिद्ध झाले आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना नीट तपास मिळावा, वकील मिळावा, स्वतःची बाजू मांडायची पूर्ण संधी मिळावी, असंच मला वाटतं. गाडीत बसवून नेलेल्या त्या माणसालाही हे सगळं मिळायला हवं होतं. आणि त्याहून जास्त, त्या दोन मुलींना मिळायला हवं होतं. त्याच्यावर खटला चालला असता तर कुणाला काय ठाऊक होतं, कधीपासून ठाऊक होतं, कुणी काय दडवलं, हे शपथेवर विचारता आलं असतं. संस्थेच्या जबाबदार लोकांवर माहिती न दिल्याचा गुन्हा वेगळा आहे, तो चालेल. पण ज्याने केलं त्याने केलं, असं न्यायालयाने त्या मुलींना सांगण्याची वाट त्या बायपासवर बंद झाली.

निकाल म्हणजे काय असतो, ते माझ्या खुर्चीवरून जसं दिसलं तसं सांगते.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, २०१२ चा. त्यात साक्ष बंद दाराआड होते. मुलाला आरोपी दिसू द्यायचा नाही, वकिलाने मुलाला थेट प्रश्न न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. एका खटल्यात साक्षीला आलेली मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. मधे कापडी पडदा, पलीकडे आरोपी, आई तिच्या मागच्या खुर्चीवर. न्यायाधीश साहेबांनी आधी शाळेचं विचारलं, बाईंचं नाव विचारलं, डब्यात काय आणतेस विचारलं. मग खरं आणि खोटं यातलं तिला काय कळतं ते पाहिलं. तिला सगळं कळत होतं. साक्ष सुरू झाली. ती एक वाक्य बोलायची, सॅंडलचा पट्टा चर्रकन उघडायची, पुन्हा दाबून बसवायची, मग पुढचं वाक्य. साहेबांनी घाई केली नाही. सरकारी वकील बाईंनीही नाही. दुपार गेली.

साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. मी वाचायला लागले. 'खोलीत दिवा चालू होता' असं कागदावर आलं होतं. ती म्हणाली, 'दिवा नव्हता. टीव्हीचा उजेड होता.' साहेबांनी मला थांबवलं, वाक्य दुरुस्त करायला सांगितलं. मी केलं. परत वाचलं. तिने मान हलवली.

एवढी मोठी यंत्रणा. न्यायाधीश, दोन बाजूंचे वकील, पोलीस, शिक्के, कपाटं. आणि आठ वर्षांच्या एका मुलीने 'असं नव्हतं' म्हटलं म्हणून कागद बदलला. घरात, वस्तीत, शाळेत तोवर कुणी तिच्या शब्दावर काहीही बदललं नव्हतं. पुढे युक्तिवादात बचाव पक्षाने त्याच टीव्हीच्या उजेडावर जोर दिला: तेवढ्या उजेडात चेहरा ओळखू येईल का? निकालपत्रात साहेबांनी त्याची सविस्तर चर्चा केली आणि मुलीचं म्हणणं ग्राह्य धरलं. शिक्षा झाली. आठवड्याभराने आई निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घ्यायला आली. कशाला हवी, असं खिडकीवरच्या कारकुनाने सहज विचारलं. ती म्हणाली, 'उद्या लग्नाच्या वेळी कुणी म्हणालं पोरगी खोटं बोलली होती, तर दाखवायला.'

तुमच्या शेवटच्या वीस मिनिटांत ही नक्कल कुणालाच मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, हा एक खटला झाला, बाकीचे वर्षानुवर्षं लोंबकळतात त्याचं काय? लोंबकळतात. मी ते रोज पाहिलं. मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपवायचा, असं पॉक्सोतच म्हटलं आहे, आणि ते पाळलं न गेल्याचे दाखले मी स्वतः टाइप केले आहेत. पण तो उशीर कसा होतो हे तुमच्या सिनेमात कधी दिसत नाही. तिथे फक्त तारीख पडते. खरी माहिती रोजनाम्यात असते. प्रत्येक तारखेला काय झालं, ते त्यात दोन ओळींत लिहिलेलं असतं. 'आरोपीस कारागृहातून हजर केले नाही, गार्ड उपलब्ध नाही.' 'साक्षीदार गैरहजर, समन्स बजावणी होऊन आले नाही.' 'रासायनिक विश्लेषण अहवाल अप्राप्त.' 'मुद्देमाल आणला नाही.' 'आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज, मंजूर.' 'मा. न्यायाधीश रजेवर.' यातली एकेक ओळ कुणाच्या तरी टेबलाशी जाऊन थांबते. आरोपीला आणायला गार्ड का नव्हता? त्या दिवशी बंदोबस्ताला कुणी पाठवला? प्रयोगशाळेचा अहवाल महिनोन् महिने का आला नाही? तपासी अंमलदाराची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली, त्याला साक्षीला सोडायला कोण तयार नव्हतं?

समन्सचंच घ्या. ठाणे आणि नवी मुंबईत माणसं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. घटना घडली तेव्हा कळव्यात राहणारा शेजारी साक्षीची वेळ येईपर्यंत दिव्याला गेलेला असतो, तिथून उलव्याला. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत येतं. मग पुढची तारीख. प्रत्येक पोलीस ठाण्याचा एक पैरवी हवालदार कोर्टात असतो, हातात कापडी पिशवी, पिशवीत समन्स आणि वॉरंटचे गठ्ठे. चांगला पैरवीवाला असेल तर तो साक्षीदाराच्या जुन्या किराणा दुकानदाराकडून नवा पत्ता काढतो, आदल्या रात्री फोन करतो, सकाळी स्टेशनवर घ्यायला जातो. अशा एका हवालदाराने मार्गी लावलेले खटले मी पाहिले आहेत. त्याच्या नशिबी ना पदक, ना तुमच्या पटकथेत एक ओळ.

फितुरीचंही तेच. पंच आणि शेजारी एकामागून एक 'मला काही माहीत नाही' म्हणतात, कारण आरोपीचे नातेवाईक त्यांच्याच चाळीत राहतात. साक्षीदारांना संरक्षण देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मंजूर करून देशभर लागू केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने अशी योजना करणं राज्यांवर बंधनकारक केलं. बालसाक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं, तेही महाराष्ट्रातल्या एका खटल्यात. गुन्हा न नोंदवणाऱ्याचंही तसंच. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घ्यायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. लैंगिक अत्याचाराची खबर नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला तुरुंगवासाची तरतूद आहे, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. बदलापूरच्या पालकांना ठाण्यात ताटकळत बसवलं गेलं तेव्हा हा कायदा होता. न्यायाधीशांची संख्या दहा लाख लोकांमागे पन्नास करा, असं विधी आयोगाने १९८७ मध्ये लिहिलं होतं. आज मंजूर पदंच एकवीसच्या आसपास आहेत, त्यातलीही कितीतरी रिकामी, आणि देशातल्या कनिष्ठ न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले पडून.

या सगळ्याला माणसं जबाबदार आहेत, त्यांची पदनामं आहेत, त्यांना प्रश्न विचारता येतात. तुमचा सिनेमा मात्र हा उशीर अवर्षणासारखा दाखवतो, जणू तो कुणी केलेलाच नाही. आणि एकदा नायकाने गोळी झाडली की समन्स न बजावणारा सुटतो, अहवाल दाबून ठेवणारा सुटतो, पदं न भरणारं सरकार सुटतं. टाळ्यांच्या आवाजात ते सगळे आरामात घरी जातात. सर्वांत मोठा फायदा त्यांचाच होतो, हे मला तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं.

सगळ्यात अवघड उदाहरण टाळून पुढे जाणं बरं नव्हे. १३ ऑगस्ट २००४, नागपूर. कस्तुरबा नगर या वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या एका गुंडाला जमावाने न्यायालयातच ठार केलं. वस्तीतल्या बायका पुढे होत्या. २०१४ मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या बायकांकडे बोट दाखवायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही. त्यांनी तक्रारी केल्या होत्या आणि पोलिसांनी त्या ऐकल्या नव्हत्या. कायदा त्यांच्या दारापर्यंत कधी आलाच नाही. पण याच घटनेवरून तुमच्यासारख्यांनी गोष्टी केल्या, तेव्हा कॅमेरा त्या एका दिवसावर रेंगाळला. त्याआधीची वर्षं, ठाण्यातून परत पाठवलेली प्रत्येक बाई, ती तक्रार ज्याच्या टेबलावरून परत गेली तो माणूस, त्याचं पुढे काय झालं, ही खरी गोष्ट होती. ती सांगायला जास्त धैर्य लागतं, कारण तो माणूस मेलेला नसतो. तो अजून नोकरीत असतो.

आता वाशीकडे या.

११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीतून दोघांना उचललं गेलं. त्यातल्या एकाचं, रामनारायण गुप्ताचं, त्याच संध्याकाळी वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ 'एन्काउंटर' झाल्याचं जाहीर झालं. त्याच्यावर गुन्हे होते, तो काही साधा माणूस नव्हता. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले, गोळ्या झाडल्याची बातमी येण्याआधी. त्या कागदांवरच्या वेळा पुढे पुरावा झाल्या. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथक नेमलं. वाशीतून सोबत उचललेला दुसरा माणूस मुख्य साक्षीदार होता. २०११ मध्ये, साक्ष तोंडावर आली असताना, तो नाहीसा झाला आणि मनोरजवळ त्याचा जळालेला मृतदेह मिळाला. तरी खटला थांबला नाही. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यांत १३ पोलीस. चकमकफेम म्हणून ज्यांची नावं वर्तमानपत्रांनी गाजवली त्यांतले एक, प्रदीप शर्मा, त्या वेळी निर्दोष सुटले. १९ मार्च २०२४ रोजी न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ती सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे.

अभियोग पक्षाचं म्हणणं होतं की जमिनीच्या धंद्यातल्या वैमनस्यातून ही हत्या घडवून आणली गेली. म्हणजे, न्यायालयाशिवाय मारायची मुभा तुम्ही ज्या हाताला देता तो हात उद्या भाड्याने मिळू लागतो. पहिल्या गोळीला टाळ्या पडल्या की दुसरी कुणासाठी सुटते आहे हे विचारायला कुणी उरत नाही. आणि पाहा, या खऱ्या गोष्टीत नायक कोण आहे? पोस्टात उभा राहून तार करणारा एक वकील, जो पुढची सतरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढला. त्याचा भाऊ गुन्हेगार होता, तरी तो चढला. यापेक्षा ताणलेली पटकथा तुम्हाला कुठे मिळणार आहे?

हैदराबादचं थोडक्यात सांगते. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातल्या चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाला: मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुलं मात्र केव्हाच वाळून गेली होती.

जमावाच्या हातचा न्याय आपल्या राज्याने १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिला, मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना ठेचलं गेलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक. सिनेमामुळे हे झालं असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण 'कळलंय कोण आहे, आता वाट कशाला पाहायची' ही भावना ज्या ज्या ठिकाणी पोसली जाते, त्यात तुमचं अंगण येतं.

आणि तुमच्याकडे वेगळा वारसा आहे. 'अर्धसत्य' १९८३ चा. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, म्हणजे आपल्याच भाषेच्या मातीतून वर आलेला हिंदी सिनेमा. त्यातला फौजदार वेलणकर कोठडीत एका माणसाला मारतो आणि सिनेमा ते पराक्रम म्हणून दाखवत नाही. शेवटी तो पुढारी झालेल्या गुंडाला, रामा शेट्टीला, संपवतो आणि स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन उभा राहतो. लेखकाने त्याला पळू दिलं नाही, हार घालून घेऊ दिला नाही. संताप पूर्ण उतरला आहे, किंमतही पूर्ण उतरली आहे. मग पुढच्या दशकांत काय झालं? सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'चं नाव घेऊन हा प्रश्न जाहीरपणे विचारला. त्या सिनेमाच्या शेवटी सगळं पोलीस दल एका पुढाऱ्यावर तुटून पडतं आणि न्याय झाला असं दाखवतात. खरंच झाला का, आणि हा संदेश किती धोकादायक आहे, असं ते म्हणाले. तुमच्यातल्या कुणी त्यांना सविस्तर उत्तर दिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. सहमत नसाल तरी उत्तर द्यायला हवं होतं.

कोर्ट दाखवलं तर लोक कंटाळतात, हे मला निर्मात्यांच्या मुलाखतींतून पुन्हा पुन्हा ऐकू येतं. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये मुंबईचं एक सत्र न्यायालय आहे, लांबलेल्या तारखा आहेत, कंटाळलेली माणसं आहेत. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो पाहताना खुर्चीच्या कडेवर बसले होते, कारण पहिल्यांदा पडद्यावर माझं कोर्ट दिसत होतं.

मला तुमच्याकडून नेमकं काय हवं आहे, तेही सांगते. सूडाच्या गोष्टी लिहूच नका, असं मी म्हणत नाही, ते तुमच्यावर बंधन घातल्यासारखं होईल आणि मला बंधनं नको आहेत. पण ज्या गोष्टीत न्यायव्यवस्था हरते, तिथे ती कुठे हरली ते दाखवा. ठाण्याच्या टेबलावर, प्रयोगशाळेत, गार्डच्या यादीत, न्यायाधीशाच्या रिकाम्या खुर्चीत, जिथे असेल तिथे बोट ठेवा. मुलीला शेवटच्या वीस मिनिटांत बोलू द्या, तिला काय हवं आहे ते कुणीतरी तिला विचारू द्या. मी साक्षीला आलेल्या कितीतरी मुली आणि बाया पाहिल्या. संतापलेल्या होत्या, काही जणी फाशीच मागत होत्या. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर जवळजवळ सगळ्यांची धडपड एकच असायची: माझं ऐका, आणि मी सांगते ते तसंच लिहा. आणि तुमच्या नायकाने गोळी झाडलीच, तर दुसऱ्या दिवसाचा एक प्रसंग लिहा. पंचनामा होतो, पिस्तूल मुद्देमालात जमा होतं, त्याचा जबाब घेतला जातो, मेलेल्याची आई दारात उभी असते. एवढं लिहून पाहा आणि मग तो शेवट तुम्हाला तसाच ठेवावासा वाटतो का ते ठरवा.

एक विनंती अगदी व्यवहारातली. पॉक्सोसारखी बंद दाराआडची प्रकरणं सोडली तर न्यायालय खुलं असतं. कोर्टनाक्याला ठाण्याचं जिल्हा न्यायालय आहे, नवी मुंबईवाल्यांना बेलापूरचं जवळ. मागच्या बाकावर बसायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. मोबाइल बंद ठेवा, सकाळी वेळेवर या, पुकारे सुरू व्हायच्या आधी. एक दिवस पुरणार नाही, आठवडाभर तरी काढा. जेवणाच्या सुट्टीत पैरवी हवालदाराला गाठा, त्याच्याशी बोला, त्याच्या पिशवीत काय काय आहे ते विचारा. सरकारी वकिलांना विचारा की मागच्या महिन्यात किती साक्षीदार आले आणि साक्ष न होता परत गेले. रोजनामा कसा वाचायचा हे तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल, लेखक असो की दिग्दर्शकाचा साहाय्यक, तर मी शेजारी बसून शिकवीन. नोकरीतून मोकळी आहे, सकाळचा वेळ माझ्याकडे असतो.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
नौपाडा, ठाणे